जनुक नसल्याने मज्जातंतू वाचतो, तो कसा?

प्रश्न : फळमाशीतील एक जनुक निकामी केले, तर इजा झालेले मज्जातंतू नष्ट होत नाहीत, असे वाचनात आले. एखादी गोष्ट नसल्यामुळे संरक्षण कसे मिळते? मेंदूला मार लागलेल्या माणसांना याचा उपयोग होईल का?

उत्तर : मज्जातंतू हा चेतापेशींपासून निघणाऱ्या लांब धाग्यांचा, म्हणजे अक्षतंतूंचा, बनलेला असतो. चेतापेशीपासून तुटलेला अक्षतंतू पोषणाअभावी आपोआप झिजून जातो, अशी समजूत फार काळ होती. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून या ऱ्हासाचे वर्णन केले, तेव्हापासून ती रुजली. प्रत्यक्षात हा ऱ्हास अक्षतंतू स्वतःच घडवून आणतो, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर नेमके इथे आहे.

अक्षतंतूत 'सार्म' नावाचे प्रथिन एरवी निष्क्रिय असते. ऊर्जानिर्मितीला आवश्यक असलेला एनएडी हा रेणू तयार करणारे विकर (एन्झाइम) मात्र अल्पायुषी असल्याने पेशीकडून त्याचा पुरवठा सतत व्हावा लागतो. इजेमुळे तो थांबला की सार्म जागे होते, उरलासुरला एनएडीही तोडून टाकते आणि ऊर्जेअभावी अक्षतंतूचे तुकडे पडतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील मार्क फ्रीमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, सार्मचे जनुक निकामी असलेल्या फळमाशीत तुटलेले अक्षतंतू कित्येक आठवडे, जवळजवळ माशीच्या आयुष्यभर, टिकतात; एरवी ते दिवसा-दोन दिवसांत विरून जातात. हा निष्कर्ष मला विलक्षण वाटतो, कारण नाशाला आज्ञा लागत असेल, तर ती अडवताही येईल.

माशीचा मेंदू लहान, सुमारे १,४०,००० चेतापेशींचा, हे खरे. परंतु सार्म उंदरांत आणि माणसांतही आहे. स्प्रिंगला जोडलेल्या नळीतील माश्यांना ठराविक जोराचा धक्का देऊन मेंदूची इजा अभ्यासण्याची पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये तर सार्म नसलेल्या उंदरांत डोक्याला मार लागल्यानंतर अक्षतंतूंची हानी कमी झाल्याचे आणि त्यांच्या हालचाली अधिक चांगल्या राहिल्याचे दिसून आले.

तरीही एक भेद ध्यानात घ्यावा. पूर्ण तुटलेला अक्षतंतू टिकला, तरी तो पेशीला पुन्हा जोडला जात नाही. डोक्याला मार लागल्यावर मात्र अनेक अक्षतंतू लगेच तुटत नाहीत. ते ताणले जातात आणि पुढील काही तासांत किंवा दिवसांत तुटतात. सार्मला रोखणाऱ्या औषधाचा खरा उपयोग झालाच, तर तो या अवधीत होईल.