झेड४, एसएलके की बॉक्स्टर? भाऊ, आधी आरसी वाचा

धुळेकर भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि उठून पाणी प्यालो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घरात मोठी गाडी आहेच, आता हौसेसाठी दोन सीटांची, छत उघडणारी जुनी गाडी घ्यायचीय. बजेट २० ते २५ लाख. निवड तीन गाड्यांत अडलीय: २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय, २०१२ ची मर्सिडीज एसएलके ३५० आणि २००८ ची पोर्शे बॉक्स्टर. तिन्ही दिल्ली-गुरुग्राम पासिंग, आणि डीलर म्हणतो, "कागद क्लिअर आहेत, एनओसी हातात देतो, तुमच्याकडे पंधरा दिवसांचं काम."

एनओसी म्हणजे मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला, तो दाखवून गाडी आपल्याकडे नव्यानं नोंदवायची. हे पंधरा दिवसांचं वाक्य मी २०१८ मध्ये ऐकलंय. माझे अकरा महिने गेले.

अश्वशक्ती, शून्य ते शंभर, कुठलीचा आवाज भारी, हे सगळं तुम्ही पाहून झालेलं दिसतंय. सर्व्हिस हिस्टरी, अपघाताची तपासणी, टायरची तारीख यातही जात नाही, तेवढं तुम्हाला कळतंच. एक सांगून ठेवतो: मी ना एजंट, ना मेकॅनिक. जळगावात दुकान आहे, गाड्यांची खाज आहे, बस. नियम आणि दर बदलत असतात, भरायच्या आधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

माझी गाडी २०१० ची झेड४, पांढरी. दिल्लीत जाऊन घेतली. त्या दुपारी मी छत उघडून-मिटून दहा वेळा पाहिलं असेल. लहान पोरासारखा. बटण दाबायचं, काच खाली, डिकीचं झाकण उलटं उघडतं, पत्र्याचं छत दोन तुकड्यांत दुमडून आत जातं, वीस सेकंदांचा खेळ. डीलर आरसी आणि एनओसी टेबलावर ठेवून चहा मागवत होता आणि मी बाहेर बटणाशी. कागद घेतले, फाइलमध्ये टाकले, सह्या केल्या, निघालो. ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, सेंधवा. बिजासन घाट उतरून शिरपूरच्या अलीकडे पहाटे छत उघडलं तेव्हा वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

घरी नानांनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "इतला पैसामा दोनच जन बठतीन?" त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

मग आरटीओत तपासणीला नेली. निरीक्षक साहेब शांत माणूस. बॉनेट उघडायला लावलं, सस्पेन्शनच्या घुमटापाशी कोरलेल्या चेसिस नंबरावरची धूळ फडक्यानं पुसली, पातळ कागदाची पट्टी चिकटवली आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागले. एकेक अक्षर वर येत गेलं. ती पट्टी त्यांनी एनओसीशेजारी धरली आणि बोट एका जागी थांबलं. गाडीवर ८. कागदावर इंग्रजी बी. आरसी काढली, तिथंही बी. आधीच्या दोन मालकांचे विमे, तिथंही बी. आठ वर्षं ही गाडी चुकीच्या नंबरावर फिरत होती आणि कोणी वाचलंच नव्हतं. मी तर नाहीच.

साहेब म्हणाले, "मला गाडीवर दिसतो तोच नंबर चढवता येईल, आणि कागदावर आहे तोच नंबर मला चढवायचाय. दोन्ही एक करून आणा." त्यांचं काही चुकलं नाही. चोरीच्या गाड्यांचे नंबर घासून बदलतात, म्हणून तर ही तपासणी.

आता दुरुस्ती कुठे? जिथे चूक झाली तिथे. मूळ नोंदणीच्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या खेपेला कळलं, की एनओसी निघाली म्हणजे त्यांच्या लेखी गाडी गेली. दुरुस्ती हवी तर आधी एनओसी रद्द करा. रद्द करायला नोंदीतला मालक हवा. नोंदीतला मालक कंपनी, कंपनीचा ठराव हवा. डीलरनं फोन उचलणं बंद केलेलं. दुसऱ्या खेपेला ठराव घेऊन गेलो तर म्हणाले, नंबर खरा कुठला याचा पुरावा आणा, आयातीच्या वेळचं बिल आणि कस्टमचा कागद. तो मिळवायला दीड महिना. तिसऱ्या खेपेला खिडकीवरचा माणूस बदललेला, त्यानं पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी आणलीय का? तपासणी करावी लागेल." गाडी जळगावात, मी तिथे. भुसावळहून झेलम एक्स्प्रेसनं इतक्या वेळा गेलो, की भाजीपोळीच्या डब्याचा वास आला तरी मला अजून ती खिडकी आठवते.

शेवटी गाडी ट्रकवर चढवून नेली, तपासणी झाली, दुरुस्ती झाली, नवी एनओसी निघाली. भाडं, खेपा, वकील, पुन्हा विमा, सगळं मिळून पावणेदोन लाख. एका अक्षराचे. आणि परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, म्हणून वर टांगती तलवार वेगळी.

तेव्हा गाडी बघायला जाल त्या दिवशी पहिलं काम: चेसिस नंबर गाडीवरून स्वतः मोबाइलमध्ये टिपा, फोटो काढा, आणि आरसीवरची सतरा अक्षरं बोट ठेवून जुळवा. काचेखाली दिसतो तो नव्हे, पत्र्यावर कोरलेला. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, त्यामुळे कागदावर ओ दिसला तर तिथेच समजा की टाइप करणाऱ्यानं शून्याचा ओ केलाय. ८ आणि बी, ५ आणि एस, २ आणि झेड इथं डोळे फाडून बघा. इंजिन नंबरही तसाच. रंगही बघा, आरसीवर पांढरी आणि समोर लाल असेल तर तोही एक वेगळा अध्याय आहे. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आहे का. आणि एनओसी तुमच्याच आरटीओच्या नावे निघू द्या, म्हणजे धुळे, एमएच-१८. "कुठलीही चालते" म्हणणाऱ्या डीलरला नमस्कार करून उठा.

दुसरा धक्का कराचा. लोक समजतात गाडी १९ लाखांना घेतली म्हणजे कर १९ लाखांवर. नाही. मूळ किंमत धरतात आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यात घट. आयात केलेल्या गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडे मी भरला तेव्हा २० टक्क्यांचा दर होता. माझा कर गाडीच्या खरेदीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त झाला. तिकडचा कर परत मागता येतो म्हणतात. मी एकदा अर्ज केला, मग ती खिडकी आठवली आणि सोडून दिलं.

तिसरं, वय. दिल्ली आणि आसपासच्या टापूत १५ वर्षांवरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून तुमची २००८ ची बॉक्स्टर इतकी स्वस्त दिसतेय. डीलरला ती तिथून हलवायचीच आहे. इकडे आणून नोंदणीचं नूतनीकरण होईल, पण आयात चारचाकीला २०२२ पासून त्याचीच फी ४० हजार आहे, साध्या गाडीची ५ हजार. वर पर्यावरण कर. झेड४ चीही पंधरा वर्षं भरत आलीत, तोही हिशोब धरा.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: तीनपैकी कुठली हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न कुठल्या पासिंगची. मुंबई-पुण्यात याच गाड्या एमएच पाटीवर तीन-चार लाख महाग दिसतात तेव्हा आपल्याला वाटतं लुटतायत. ते तीन-चार लाख म्हणजे तुमचा कर आणि तुमची झोप. मी पुन्हा घेतली तर एमएचच घेईन, भले एक मॉडेल जुनं मिळो.

आता गाड्या, पटकन.

बॉक्स्टर चालवायला तिघींत सगळ्यात गोड. इंजिन मधे, सपाट सहा सिलेंडर, पुढे एक डिकी मागे एक डिकी. पण २००८ पर्यंतच्या इंजिनांत आयएमएस बेअरिंगचं, म्हणजे इंजिनातल्या मधल्या दांड्याच्या बेअरिंगचं दुखणं आहे; ते तुटलं तर इंजिन गेलं, मधला मार्ग नाही. २००९ पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच काढून टाकलंय. म्हणजे तुमची नेमकी नको त्या वर्षाची. शिवाय छत कापडी. धुळ्या-जळगावचा मे महिना कापडाला आणि रबराला काय करतो ते ट्रॅक्टरच्या सीटवर बघा.

झेड४ ३५आय मी आठ वर्षं वापरतोय, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. तीन लिटर, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. हाय प्रेशर फ्युएल पंप हे या इंजिनाचं जगजाहीर दुखणं. माझा एकदा बदलून झालाय. बदलल्याचं बिल असेल तर ती गाडी चांगली समजा, "कधी त्रासच नाही" म्हणणाऱ्याची नव्हे. सकाळी थंड असताना पहिल्या स्टार्टला लांब क्रँक घेते का, म्हणजे स्टार्टर बराच वेळ फिरल्यावर सुरू होते का बघा. डीलर गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर का, ते विचारा.

एसएलके ३५० पण २०१२ ची, म्हणजे नव्या आकाराची, नवं व्ही६. आधीच्या पिढीच्या सुरुवातीच्या व्ही६ मध्ये बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा दात झिजायचा, ते इथं नाही. खान्देशातून बघितलं तर तिघींत शहाणी हीच. अजिंठ्यावरून संभाजीनगर गाठलं की मर्सिडीज जाणणारी माणसं भेटतात. ज्या शहरानं २०१० साली एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या तिथे दुरुस्तीचं ज्ञान मुरलेलं असणारच. हिच्यात मानेवर गरम हवा सोडणारी सोय येते, एअरस्कार्फ. जळगावात ४५ डिग्रीला सिग्नलवर उभं राहून ते बटण बघायचं आणि हसायचं.

तुमची एसएलके कंपनीच्या नावावर आहे असं लिहिलंय. वरची माझी दुसरी खेप पुन्हा वाचा.

छताबद्दल एक. डिकीत सामान आणि दुमडलेलं छत यांच्यामधली पडदा-फळी जागेवर ओढलेली नसेल तर झेड४ आणि एसएलके दोन्हीचं छत हलतच नाही. एका मित्रानं त्यावरून दीड लाख पाडून मागितले होते, डीलरनं फळी ओढून दाखवली. छत भर उन्हात, गाडी गरम असताना पाचदा चालवून बघा, आणि डिकीचं अस्तर उचलून हात फिरवा. तेलकट लागलं तर हायड्रॉलिकचा सिलेंडर गळतोय.

छत उघडं किती दिवस राहणार याचाही विचार करा. मार्च ते जूनमध्यापर्यंत नाव काढू नका, पावसात चिखल. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, सकाळी साडेनऊच्या आत. त्या तीन-चार महिन्यांसाठी तोरणमाळचा घाट आहे, कन्नडचा आहे. बाकी वेळ ही फक्त बुटकी, एसी लावलेली गाडी, जिच्याशेजारी केळीचा ट्रक आला की तुमच्या डोळ्यांसमोर त्याचा चाकाचा नट असतो.

रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतील आणि स्टेपनी नसेल तर एक किस्सा. पारोळा आणि एरंडोलच्या मधे रात्री पंक्चर. टायर चालतो, पण पंक्चरवाल्यानं तासभर पहारीशी झोंबी घेतली तरी बाजूची भिंत वाकेना. शेवटी हळूहळू जळगावपर्यंत तसाच आणला. पंक्चर काढायचं मशीन कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर उंदीर. कापसाच्या दिवसांत माझ्या वायरिंगमध्ये सरकीचा कापूस भरून घरटं केलं होतं. बॅटरीची वायर काढा, बॉनेट उघडं ठेवा, दर चार दिवसांनी हॉर्न वाजवा. डांबरगोळ्यांचा उपयोग होत नाही, माझं मत.

विम्याचं राहिलं. नाव बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, डीलर काहीही म्हणो.

तीनही गाड्यांच्या आरसीचे फोटो मला पाठवायचे असतील तर पाठवा, नंबर झाकून नको, नंबरच बघायचाय. आणि गाडीत बसून बघायची असेल तर रविवारी सकाळी सातच्या आत लळिंगपाशी या, मी जळगावहून येतो. फक्त छत उघडून दाखवा म्हणू नका. डावा सिलेंडर गळतोय, पार्ट मागवलाय, अजून आलेला नाही.