ट्रेनिंगमधून डिस्चार्ज झालास म्हणून सनद अडत नाही

भावा, तू विचारलंयस की सैन्यात भरती होऊन आठव्या महिन्यात ट्रेनिंग सेंटरमधून डिस्चार्ज देऊन घरी पाठवलं, आता एलएलबी केली तरी वकिलीची सनद अडेल का. माझ्या मते नाही अडणार. पण आधी कागदं काढ आणि डिस्चार्जचं कारण काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच, सगळं त्या एका ओळीवर आहे.

मी स्वतः गुडघ्यामुळं बोर्ड आऊट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवल्यामुळं घरी आलेलो. पहाटे सोलापूर स्टेशनला उतरलो, काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या पेंटनं माझा नंबर, आणि घरी जायचं सोडून दोन तास बाकड्यावरच बसलो, कारण गल्लीत सगळे विचारणार की पळून आला का म्हणून. लोकांना डिस्चार्ज आणि डिसमिस एकच वाटतं, कायद्याला तसं वाटत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम २४अ बघ. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे चोरी-फसवणुकीसारख्या, गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा तसल्या आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ केलं असेल तर नाव नोंदवत नाहीत, आणि तेही सुटका किंवा बडतर्फीला २ वर्षं झाली की आड येत नाही. मेडिकल, घरची अडचण, 'चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही' असला शेरा, यातलं काहीच त्यात बसत नाही.

लपवू मात्र नकोस, अगदी हात जोडून सांगतो. फॉर्ममध्ये आधीची नोकरी विचारली तर सरळ लिही आणि डिस्चार्जची झेरॉक्स जोड. महत्त्वाची गोष्ट दडवून सनद घेतली असं पुढं निघालं तर कलम २६ खाली नाव काढता येतं, मग दहा वर्षांची प्रॅक्टिस असली तरी काय उपयोग.

बारावी झालीच असेल तर सीईटी देऊन ५ वर्षांचा कोर्स, आपल्याकडं दयानंद लॉ कॉलेज आहेच. घरची परिस्थिती बघून आधी मुक्त विद्यापीठातून बीए करून मग ३ वर्षांचा केलास तरी चालतं, फक्त बारावी न करता थेट बीए केलेलं चालत नाही, त्यात बरीच पोरं फसतात. सनदेची फी ओपनला ७५० च्या वर घेता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२४ ला सांगितलंय. न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर आता आधी ३ वर्षं प्रॅक्टिस लागते.

आणि दुखापत ट्रेनिंगमध्येच झाली असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनचं बघ, ते मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात मागता येतं, मुदतीकडं लक्ष ठेव.

नाव-नंबर झाकून ती कारणाची ओळ तेवढी इथं टाक, आज रात्रीच वाचून सांगतो.