घरी केलेल्या लाकडी बाणांचा रंग फसला, वार्निश मारताना पसरला, आता काय करू?

प्रश्न वाचला आणि हसलो, तुम्हाला नाही, स्वतःला, कारण हेच सगळं मी चार वर्षांपूर्वी अगदी याच क्रमाने करून बसलोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पाइनच्या आठ मिलिमीटरच्या काठ्यांचे बारा बाण केले, मागच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानातला लाल स्पिरिट स्टेन लावला, पुढे निळा, पिसांच्या खाली घरातल्या हळदीचा पिवळा पट्टा, पांढरी बदकाची पिसं आधीच चिकटवलेली, आणि मग वरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश कापसाच्या बोळ्याने ओढलं तेव्हा लाल पिवळ्यात गेला, पिसं खालून गुलाबी झाली आणि निळा कसाबसा शेवाळ्यासारखा दिसायला लागला. तुम्ही म्हापशाचे, मी फोंड्याचा, म्हणजे हवाही सारखीच, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला बऱ्यापैकी लागू पडेल.

पहिली गोष्ट, रंग खराब नव्हता हो. चपडा विरघळतो स्पिरिटमध्ये आणि तुमचा रंगही विरघळतो स्पिरिटमध्येच. म्हणजे तुम्ही बोळा फिरवला ते पॉलिश मारणं नव्हतं, लाल रंग परत ओला करून पुढे ढकलणं होतं. मला हे समजायला दोन डझन बाण लागले. आता बाटली हातात घेतली की मी आधी बघतो हा रंग कशात विरघळतो आणि वरचा थर कशात, आणि दोन्हींचं उत्तर एकच आलं तर बाटली खाली ठेवतो. एनसी लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारा नायट्रोसेल्युलोजचा, वापरला असता तरी फार सुटका नव्हती, थिनरही स्पिरिटचा रंग थोडाफार सोडवतोच, आणि लाल तर सगळ्यात वांड, पांढऱ्या पेंटखालूनसुद्धा दोन दिवसांनी गुलाबी होऊन वर येतो.

म्हणून आता घाईने वरून आणखी एक कोट मारू नका. आधी एका बाणावर बघा, कापसाचा एक तुकडा पाण्यात भिजवून घासा, दुसरा स्पिरिटमध्ये. पाण्याने काही निघालं नाही आणि स्पिरिटने कापूस लाल झाला तर मी म्हणतो तेच आहे.

दुरुस्ती करायची तर पिसं काढावी लागतील, याला दुसरा मार्ग नाही. ब्लेड सरळ धरून गोंदाच्या थराखालून सरकवा, घाई केली तर लाकडाचे तंतू उचकटतात. पिसं टाकू नका, त्यांचं पुढे सांगतो. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या जुन्या बनियनच्या तुकड्याने काठी पुसायची, तुकडा सारखा बदलायचा, नाहीतर लाल रंग एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो आपण. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस बंद, स्पिरिट भस्सकन पेटतं. एवढं करून अर्धा रंग जाईल, उरलेला लाकडाच्या आत बसलेला असतो. त्याला कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्रशने लावायचं, दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवायचं, मग साध्या पाण्याने दोनतीनदा धुवायचं. काही रंग हट्टी असतात, दुसऱ्या वेळेला जातात, काही तरीही फिक्या सावलीसारखे राहतात. आणि हे नीट वाचा, या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अ‍ॅसिड काहीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो, छातीत जातो, मस्करी नाही. पिसं आधी का काढायची तेही यातच आलं, ब्लीच पिसं खातं, केसासारखी ती प्रथिनाचीच असतात, विरघळून पिठूळ होतात.

रंग जात नाही म्हणून पॉलिश पेपर घेऊन खरडत बसायचा मोह होईल. करू नका. गोल काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. आठ मिलिमीटरची काठी घासून ७.६ झाली तर दिसायला काहीच फरक नाही, पण ताठपणा जवळजवळ १८-१९ टक्क्यांनी गेला. मग तोच बाण त्याच धनुष्यातून भलतीकडे जातो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मी बसलो होतो, महिनाभर.

धुतल्यावर काठ्या वाकतात, घाबरायचं नाही. नॉकच्या, म्हणजे धनुष्याची दोरी अडकते त्या खाचेच्या, टोकाला दोरा बांधून उभ्या टांगून सावलीत वाळवा, पावसाळ्यात चार दिवस धरा, मेमध्ये दीड दिवस पुरे. मग जिथे वाक असेल तिथे गॅसच्या आचेपासून वीतभर वर फिरवत गरम करायची आणि हाताने उलट दाब देऊन थंड होईपर्यंत धरायची. सरळ झाली की प्रत्येक काठी कानाजवळ धरून हलकीच वाकवून बघा, कचकन बारीक आवाज आला किंवा तंतू उठलेला दिसला तर ती काठी टोमॅटोच्या रोपाला. धनुष्यातून सुटताना फुटलेला बाण हातात घुसतो, तिथे काटकसर नको.

आता हळद. यात माझी गोष्ट सांगायलाच हवी. भाच्याच्या शाळेत रामायणाचं नाटक होतं, वीस बाण करायचे होते, मला वाटलं पिवळ्यासाठी दुकानात कशाला जायचं, डब्यात हळद आहे. काठ्या आधी धुण्याच्या सोड्याने साफ केल्या होत्या कारण आमच्या काकींनी प्रेमाने त्यांना खोबरेल चोळून ठेवलं होतं, लाकूड चमकतं म्हणून. सोडा नीट धुतला नाही, वर हळदीचं पाणी लावलं आणि डोळ्यादेखत काठ्या विटकरी लाल. आई दारातून बघून म्हणाली, अरे कुंकू केलंस की! बरोबरच होतं तिचं, हळदीत चुना घालून कुंकू होतं ते हेच, हळदीतलं कुर्क्युमिन अल्कधर्मी काही लागलं की लाल होतं. तुमच्या काठ्यांवर ब्लीचचा अंश राहिला तर तेच होईल, कारण ब्लीचही अल्कधर्मी असतं. आणि समजा लाल नाही झाली तरी हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही, माझे नाटकाचे उरलेले बाण खिडकीत होते, काही दिवसांत एका बाजूने पांढरटले. वर चपडा मारला तरी उजेड आत जातोच. कोकमाचंही तसंच, सोलं भिजवून मस्त जांभळट लाल पाणी निघतं, पण ते आमसुली कढीलाच ठेवा, सोडा लागला की निळसर हिरवं होतं आणि लाकडावर काही दिवसांत मळकट दिसतं.

खोबरेलाचं निघालंच आहे तर, ते कधीच वाळत नाही. अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, खोबरेल होत नाही, वर्षानेही बोटाला लागतं आणि त्यावर ना रंग बसतो ना गोंद. पूर्वी कुणी तेल लावलेलं असेल तर थिनरने दोनदा पुसून घ्या. अळशीचं तेल वापरलंत तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, पाण्यात बुडवा किंवा दोरीवर सुटी वाळत घाला.

खाण्याचा रंग लाकडाला चालेल का असं तुम्ही शेवटी विचारलंय. लाकडाला नाही, पिसांना हो. खाण्याचे रंग हे अ‍ॅसिड रंग असतात, लोकर, रेशीम, पिसं अशा प्रथिनांना घट्ट धरतात, लाकूड मुख्यतः सेल्युलोज म्हणजे सुती कापडाच्या जातीचं, त्याला नुसते चिकटून बसतात आणि पाण्याने निघतात. तुमची गुलाबी झालेली पिसं पुन्हा पांढरी होणार नाहीत, तो नाद सोडा, पूर्ण लाल करा. भांडी घासायच्या लिक्विडने आधी तेलकटपणा काढा, मग वाफा येतात पण उकळी नाही इतक्या गरम पाण्यात, अंदाजे ६० ते ७० अंश, लाल रंग आणि दोन चमचे व्हिनेगर, वीस मिनिटं. धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्या पावसात पिसांचा रंग काठीवर उतरेल आणि तुम्ही पुन्हा इथेच प्रश्न विचाराल. चिंबलेली पिसं किटलीच्या वाफेवर धरली की परत फुलतात, हे बघायला मजा येते.

लाकडासाठी मी आता सुती कपड्यांना देतात तो पुडीतला रंग वापरतो, पाण्यात विरघळणारा. पाण्याचा रंग आणि स्पिरिटचा चपडा, दोघांचा संबंध नाही, म्हणून पसरत नाही. पण पाण्याने लाकडाचे रोम उभे राहतात, म्हणून रंगाआधी नुसत्या पाण्याने काठी ओली करून वाळवायची आणि ३२० नंबरच्या पेपरने दोन हात फिरवायचे, हलके. पाइनचा दुसरा त्रास म्हणजे ते कुठे गटागट रंग पितं कुठे तोंड लावत नाही, ढगाळ दिसतं. त्याला उपाय, १०० मिली स्पिरिटमध्ये ६ ग्रॅम चपडा एवढं पातळ करून रंगाच्या आधी एक हात. स्पिरिटच्या रंगाआधी हा हात काही कामाचा नाही, रंगच त्याला धुऊन टाकतो. आमच्या वाड्यावरचे मेस्त, म्हणजे सुतार, हे बघून म्हणाले, हे तर आम्ही दारांना पहिल्यापासून करतो, विचारलं असतंस तर सांगितलं असतं. विचारलं नव्हतं.

निळा हिरवा का झाला? लाकूड पांढरा कागद नाही, पाइन स्वतः पिवळट, त्यावर दुकानातला साधा चपडा नारिंगी, आणि निळ्यावर पिवळं पडलं की शाळेतसुद्धा काय होतं ते माहीत आहे. निळा हवाच असेल तर ब्लीचने लाकूड शक्य तितकं फिकट करून, वर पिवळा न पडणारा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक क्लिअर. पण थांबा, पाण्याचा रंग आणि पाण्याचा क्लिअर, म्हणजे परत तोच घोळ, म्हणून मधे रंगहीन केलेल्या चपड्याचा एक हात किंवा अ‍ॅक्रिलिकचा स्प्रे दुरून, धुक्यासारखा, तीनचार वेळा. हिरवटपणा मारायला वरून लाल छटा देऊ नका, ती राखी तपकिरी होते, मी केलंय, वाळलेल्या शेणासारखं दिसतं. माझं मत विचाराल तर त्या निळ्याचा नाद सोडून थोडा पिवळा वाढवा आणि सरळ बाटलीसारखा गडद हिरवा करा. लाल आणि हिरवा बाण गवतात शोधताना निदान लाल तरी दिसतो.

पावसाळ्यात एनसी लॅकर मारू नका, जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं, थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, दव बसतं आणि थर दुधाळ होतो. झालाच असेल तर कोरड्या दिवशी वरून नुसता थिनर हलका फवारा, बऱ्याचदा साफ होतो. चपडाही ताजा घ्या, सहा महिन्यांपूर्वी कालवलेला वाळतच नाही, बोटाचे ठसे उमटत राहतात. आणि चपड्याच्या बाणांवर फेणीचा ग्लास टेकवू नका, त्यात बेचाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, गोल पांढरा डाग पडतो. कसं कळलं विचारू नका.

पट्ट्यांसाठी एक वेगळी कल्पना. आपल्या कुंकळ्ळीचे चितारी किंवा पलीकडे सावंतवाडीवाले लाकडी वस्तूंना लाखेचा रंग चढवतात, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाने वितळून चढते, केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. हा रंग लाकडात शिरतच नाही, मग पसरेल कुठून. मी ड्रिलमध्ये बाण अडकवून करून पाहिलं, पहिला बाण चाबकासारखा हलून मोडला, लांब काठीला टोकाशी लाकडाच्या बेचकीचा आधार लागतो आणि ड्रिल अगदी हळू. जमलं तेव्हा मात्र पिसांखालचे चारपाच इंच असे चकचकीत झाले की विकत घेतल्यासारखे. पूर्ण बाणाला करू नका, वजन वाढतं.

आणखी एक, पुढच्या वेळी पिसं सगळ्यात शेवटी. आधी रंग, मग सील, मग पट्टे, मग एका वाया गेलेल्या काठीवर गोंद लावून रात्रभर ठेवायचा, सकाळी ओढून बघायचं, पॉलिशसकट निघाला तर गोंद बदलायचा. त्याच काठीची अर्धी बाजू कागदाने गुंडाळून दक्षिणेच्या खिडकीत टांगा, पंधरा दिवसांनी कागद काढा, झाकलेल्या बाजूशी ताडून रंग उन्हात किती उडाला ते कळतं. माझ्या खिडकीत आत्ता अशा सहा लटकतायत, त्यातला जांभळा मी परवाच बाद केला.