मोबाईल चालते, मग लॅपटॉपच काहून तुटून राहिला?

प्रश्न : नमस्कार दादा, मी मानेवाड्याहून लिहून राहिली. आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे, राउटर हॉलमधे टीव्हीच्या मागे ठेवला आहे आणि मुलगी मागच्या खोलीत अभ्यासाला बसते. सकाळी सगळं बरोबर चालते पण दुपारी एकच्या नंतर, म्हणजे आम्ही कूलर ओढून मधल्या दाराशी लावतो त्या सुमारास, लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटते, कधी नाव दिसते पण जोडल्या जात नाही, कधी जोडल्या जाते पण काहीच उघडत नाही. मोबाईल मात्र तिथेच बसून मस्त चालते. कनेक्शनवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला, तो म्हणते लाईन बरोबर आहे लॅपटॉप दाखवा, लॅपटॉप दुरुस्तीवाला म्हणते राउटर बदला. मुलीची ऑनलाइन टेस्ट दोनदा मधेच गेली, रडली बिचारी. नवीन राउटर घेऊन टाकू का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. आणि मुलीला सांगा की तिची काहीच चूक नाही, टेस्ट मधेच जाणं काय असते ते मला समजते.

तुमच्या पत्रात उत्तर जवळजवळ आलंच आहे, तुम्ही ते सहज लिहून गेल्या, कूलर ओढून मधल्या दाराशी लावतो म्हणून. आपल्याकडचा कूलर म्हणजे काय, तर पत्र्याचा मोठा डबा, खाली टाकीभर पाणी आणि तीन बाजूंनी ओली खस. वायफायच्या लहरी पत्र्याला आदळून परत फिरतात आणि पाणी त्या शोषून घेते, म्हणजे हॉलमधला राउटर आणि मागच्या खोलीतला लॅपटॉप यांच्या बरोब्बर मधे तुम्ही दुपारी एक भिंतच उभी करता, आणि उघड्या दारातून जो सिग्नल सकाळी आरामात जात होता त्याला आता चक्कर मारून जावं लागते. टीव्हीच्या मागे राउटर ठेवणं पण वाईटच, टीव्हीच्या मागचा पत्राही तेच काम करतो.

आता मोबाईल काहून चालतो? मला दाट शंका आहे की तो वायफायवर चालतच नाही. वायफाय कमजोर झालं की बरेच मोबाईल न सांगता स्वतःच्या डेटावर जातात. मोबाईलचा डेटा बंद करा आणि मुलीच्या टेबलावर बसून एखादा व्हिडिओ लावा, तोही अडकला तर लॅपटॉप दुरुस्तीला न्यायची गरजच नाही.

पण मी अंदाजावर नाही सोडणार, कारण कुठला धागा तुटतो ते आधी कळलं पाहिजे. लॅपटॉप ते राउटर हा एक धागा आणि राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा, यातला कुठलाही तुटला तरी घरात एकच ओरड होते, नेट गेलं. विंडोज असेल तर स्टार्टमधे सीएमडी (cmd) टाका, काळी खिडकी उघडेल, तिच्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारा. डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा येतो, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा, तो तुमच्या राउटरचा पत्ता. मग पिंग (ping), एक जागा सोडून तो पत्ता, परत जागा सोडून वजाचं चिन्ह आणि टी (-t). दुसरी काळी खिडकी उघडून तसंच ८.८.८.८ ला करा, हा बाहेरचा पत्ता आहे. दोन्ही तशाच चालू ठेवा आणि कूलर लावा. दोन्ही खिडक्यांत एकदमच टाइम्ड आउट, म्हणजे उत्तर आलं नाही, असं यायला लागलं तर तुटतं ते घरातलं वायफाय. पहिलीत उत्तरं येत राहिली आणि फक्त दुसरी थांबली तर दोष बाहेरच्या लाईनचा, तेव्हा कंपनीच्या माणसाला परत बोलवा आणि हेच समोर दाखवा, मग तो लॅपटॉपवर ढकलू शकणार नाही. आयपीकॉन्फिगमधे गेटवेची जागा रिकामी असेल आणि आयपीसमोर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळाला नाही, वायफायच्या यादीत त्या नावावर जाऊन नेटवर्क विसरा, पासवर्ड नव्याने टाका.

त्याच वेळी राउटरच्या दिव्यांवर पण नजर ठेवा. कूलरचं बटन दाबताच सगळे दिवे विझून परत एकेक लागत असतील तर गोष्टच वेगळी. कूलरची मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, त्या झटक्यात व्होल्टेज पडतं आणि राउटरचं अडॅप्टर जुनं झालं असेल तर राउटर बंद होऊन नव्याने चालू होतो. राउटर दुसऱ्या बोर्डावर लावून बघा. अडॅप्टर बदलायचं झालं तर जुन्यावर जितके व्होल्ट लिहिलेत तितकेच पाहिजेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतील, पिनही तीच. आणि गरमीचंही सांगतो, बऱ्याच घरगुती राउटरच्या कागदावर ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्या इथे बाहेरच ४५, तर टीव्हीच्या मागे कोंडलेल्या डब्याचं काय होत असेल! त्याला मोकळ्या जागी, छातीच्या उंचीच्या वर, कूलरच्या वाटेतून बाजूला ठेवा.

जागा बदलल्यावरही थोडं तुटत असेल तर लॅपटॉपकडे वळू. डिव्हाइस मॅनेजरमधे नेटवर्क अडॅप्टर, त्यात वायफायच्या नावावर दोनदा क्लिक, पॉवर मॅनेजमेंटमधे वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या अशा अर्थाची खूण असते ती काढा. काही नव्या लॅपटॉपात हा भाग दिसतच नाही, तर सोडून द्या. ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, नेट नसेल तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून.

टेस्टच्या दिवशी मात्र वायफायवर राहूच नका. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅनची केबल ओढा, लॅपटॉपला ते भोक नसेल तर यूएसबीवर लागणारं छोटं अडॅप्टर मिळते.

प्रश्न : नव्या राउटरची दोन नावं मोबाईलवर दिसतात, माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकच दिसते. लॅपटॉप गेला का?
— एक वाचक, महाल

उत्तर : नाही भाऊ. राउटर दोन वेगळ्या लहरींवर वायफाय देतो, ते दुसरं नाव बहुतेक ५ गिगाहर्ट्झचं आहे आणि तुमच्या लॅपटॉपातलं कार्ड फक्त २.४ चं असेल. दिसते त्या नावाला जोडा, राउटरमधे त्याचा चॅनेल १, ६ किंवा ११ यातला जो शेजाऱ्यांकडे कमी असेल तो ठेवा. दिसत असूनही जोडल्या जात नसेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (WPA3, वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) वर आहे का बघा, ती डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असलेल्या पर्यायावर आणा. वेग फारच कमी वाटला तर ५ गिगाहर्ट्झ पकडणारा यूएसबी वायफाय डोंगल घ्या, लॅपटॉप बदलायची गरज नाही.