तो कागद आज फाडा

पत्र : बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे वर्षभर, मन रमावं म्हणून जलरंगात चित्रं काढतेय. पण सगळं मळकट होतं, कागदाचा भुगा निघतो. माझ्या हातात कलाच नाही. वहिनी म्हणते, त्यापेक्षा गाण्याचा क्लास लाव. लावू का? (बाबांनी चार वर्षांपूर्वी आणलेला कॉटनचा चांगला कागद कपाटात आहे. हात बसला की काढीन. सध्या प्रिंटरच्या कागदावर भागवते.)

उत्तर : क्लास नको. वहिनींचा विषय इथेच संपला. मला बोलायचंय ते तुम्ही कंसात ढकललेल्या कागदाबद्दल.

प्रिंटरचा कागद ७०-८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम ७०-८० ग्रॅम वजनाचा, पातळ असतो. पाणी लागताच तो फुगतो, त्याला लाटा येतात आणि खळग्यांत रंग साचतो. तो सारखा करायला तुम्ही पुन्हा ब्रश फिरवता, मग तंतू सुटतात. भुगा त्याचाच. अशा कागदावर मुरलेल्या चित्रकारालाही सपाट आकाश जमायचं नाही. वर्षभर तुम्ही कागदाशी झगडलात आणि बोल स्वतःला लावलात, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय, ठेवून ठेवून तो कागद टिकणारही नाही. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचं साइझिंग, म्हणजे पाणी अडवणारा थर असतो, त्यामुळे रंग लगेच आत शिरत नाही. दमट कपाटात ते हळूहळू निकामी होतं आणि कागद टिपकागदासारखा पाणी पितो. म्हणून आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थोडा वेळ वर टिकला तर कागद ठीक आहे. टाकताक्षणी जिरून काळपट डाग पडला, तर त्यावर पेन्सिल, कोळसा, पेस्टल वापरा, पण वापराच.

ठीक असेल तर आज एक कागद घ्या. मधोमध घडी घाला, चमच्याच्या पाठीने दाबा, उलटी घडी घालून पुन्हा दाबा आणि घडीवर पट्टी धरून फाडा. पुन्हा तसंच, म्हणजे चार तुकडे होतील. पहिल्यांदा फाडताना हात थांबेल. रडू आलं तर रडा, मग फाडा.

एक तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने फळीवर चिकटवा. फळीची वरची कड दोन बोटं उचला. अल्ट्रामरीन निळा भरपूर पाण्यात कालवून दोन चमचे पातळ रंग आधीच तयार ठेवा, मध्येच कमी पडला की पट्टे उठतात. ब्रश पूर्ण भरून वरून आडवा हात मारा. खालच्या कडेला रंगाची ओळ लोंबेल, पुढचा हात तिला टेकवूनच मारा. शेवटी पिळलेल्या ब्रशने उरलेला रंग टिपून घ्या आणि ब्रश बाजूला ठेवा. ओलसर असताना पुन्हा हात लावला की नवं पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. बोटांची पाठ टेकवून बघा : गार लागतोय तोवर कागद ओला आहे. त्या ओल्यावर तीन-चार रंग चढवले की चिखल होणारच.

आणि हात बसायची वाट कशासाठी? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं मनाला येईल ते घडवलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. आधी सराव होता की नव्हता, याने विशेष फरक पडला नाही.

बाबांनी तो कागद चार वर्षांपूर्वीच्या तुमच्या हातासाठी आणला होता, तेव्हा जसा होता तशाच, न बसलेल्या हातासाठी. चार तुकडे या आठवड्यात संपवा आणि त्यातला सगळ्यात बिघडलेला मला पाठवा.