इस्रायलला जाण्याआधी महिनाभरात कामापुरती हिब्रू कशी शिकावी?

लिपीच्या मागे आत्ता लागू नका, आधी कान तयार करा. सगळ्यात कामाचे दोन शब्द: 'येश' म्हणजे आहे, 'एन' म्हणजे नाही. 'येश मायिम?' – पाणी आहे का? एवढ्यावर दुकानात निभावतं. 'कामा झे ओले?' म्हणजे हे केवढ्याला. 'तोदा' म्हणजे आभारी आहे. 'स्लिखा' माफी मागायलाही चालतं आणि 'जरा ऐका हं' म्हणून हाक मारायलाही. 'बेवाकाशा' म्हणजे कृपया, आणि कुणी आभार मानले की उत्तरही तेच.

लिंगभेदाला घाबरू नका, आपल्याला तो अंगवळणी पडलेला असतो. आपण 'तू जातोस, तू जातेस' म्हणतो, तसं तिथे 'अता होलेख, अत होलेखेत'. स्वतःबद्दलही तसंच: पुरुष 'अनी रोत्से' म्हणतो, बाई 'अनी रोत्सा' (मला हवंय). 'कसं काय?' साठी मात्र 'मा निश्मा?' म्हणा, ते सगळ्यांना चालतं. अहोजाहो नाहीच, म्हाताऱ्या माणसालाही 'तू'च. सुरुवातीला जीभ अडखळते.

'ख' घशातून, खरखरीत काढा. आणि तिकडे कोकणातून गेलेलं बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब ओळखीचं झालं, तर उच्चार त्यांच्याकडून सुधारून घ्या. थोरली माणसं मराठीत समजावतील.