वडिलांना टिश्यू व्हॉल्व्ह बसवायचा आहे. गाईचा घ्यावा की डुकराचा? कोणत्याने हृदय लवकर सावरतं?

माझा ऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप, ६६व्या वर्षी बदलला, त्याला आता चार वर्षं झाली. तुमच्या वडिलांचाही तोच व्हॉल्व्ह आकसलाय आणि वय ६८, म्हणून माझा अनुभव लिहितो.

गाय की डुक्कर यावर आमच्याकडे आठवडाभर खल चालला. हिला गाईचं पाप नको होतं, थोरल्या भावाला डुकराचं नावही ऐकवेना. शेवटी सर्जननी समजावलं. डुकराचा म्हणजे त्याच्या हृदयातली खरीखुरी झडप. गाईचा म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाचे तुकडे कापून, शिवून केलेली झडप. दोन्ही ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनात मुरवलेल्या असतात, त्यामुळे शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून किडनी बदलल्यावर लागतात तशा गोळ्या जन्मभर घ्याव्या लागत नाहीत. मी गाईची घेतली. हिने देवाला काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

आता हृदय सावरण्याचं. अरुंद झडपेतून वर्षानुवर्षं रक्त ढकलून डावा खालचा कप्पा तालमीतल्या दंडासारखा जाड होतो, पण त्या जाडीत ताकद नसते, ताठरपणा असतो. वाट मोकळी झाली की जाडी उतरायला लागते. माझी भिंत १५ मिलिमीटर होती, सहा महिन्यांनी १३, वर्षाने १२. जनावर कोणतं यापेक्षा झडप किती मोठी बसली यावर हे जास्त अवलंबून असतं. झडपेची चौकट थोडी जागा अडवतेच. त्याच मापात गाईच्या झडपेतून रक्ताला बहुधा जरा जास्त वाट मिळते, म्हणून महाधमनी लहान असली की अनेक सर्जन तिकडे झुकतात. चौकट नसलेली, म्हणजे स्टेंटलेस, डुकराची झडपही असते. तिने सुरुवातीला जाडी लवकर उतरते, पण वर्षभरात फरक बराचसा मिटतो आणि ती शिवायला वेळ जास्त लागतो. तेव्हा डॉक्टरांना ‘कोणतं जनावर?’ विचारण्याआधी ‘बाबांना कोणतं माप बसेल?’ हे विचारा. आणि घरी बीपी रोज मोजा. ते चढं राहिलं तर नवी झडप असूनही जाडी उतरत नाही.

पहिले दोन महिने मात्र हृदयाचे कमी, छातीच्या हाडाचे जास्त. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, पाण्याची बादली उचलायची नाही, कुशीवर झोपायची तर आठवणच राहते. तिसऱ्या दिवशी माझे ठोके बेताल झाले, सगळे घाबरले. असं बऱ्याच जणांचं होतं, माझं औषधाने दोन दिवसांत थांबलं. जेवणाची चव महिनाभर नव्हती आणि उगाच रडू यायचं, याबद्दल आधी कुणी बोललंच नव्हतं.

रक्त पातळ ठेवायला मला तीन महिने ॲसिट्रॉम होती, मग फक्त इकोस्प्रिन. आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा तपासणीतला आकडा) बिघडेल म्हणून हिने मेथी-पालक पार बंद केले, तर डॉक्टरच रागावले: बंद करू नका, रोज साधारण सारखंच खा.

एक काम ऑपरेशनच्या आधीच उरका. वडिलांचे दात तपासून घ्या. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून थेट नव्या झडपेवर बसू शकतात. नंतर दात काढायचा झाला तर तासभर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. माझ्या दंतवैद्याला ते मीच सांगितलं.